न धरलेला महिना

पळून झाल्यावर मंगलच्या ध्यानात आलं की आपण पळालो. भोरच्या स्टँडवर हिर्डोशीची गाडी सुटायच्या बेतात होती, कंडक्टरनं दार ओढून घेतलं होतं, आणि रसवंतीपाशी उभ्या असलेल्या मंगलचे पाय तिला न विचारताच निघाले. सात पावलं. फार तर आठ. चपला फटफटल्या, पिशवीतल्या लाह्या खसखसल्या, आणि ती दाराच्या दांड्याला धरून वर चढलीसुद्धा. "वैनी, पळताय कशाला? इंद्रजितदादांच्या घरचं माणूस सोडून गाडी न्यायची माझी छाती हाय का?" कंडक्टर मानसिंग म्हणाला. तिचा नवरा याच डेपोत मेकॅनिक, त्यामुळे अर्ध्या डेपोची ती वहिनी होती. मंगल हसली नाही. तिचा हात बेंबीवर गेला होता, पदराआडून, चोरून. ओल्या भिंतीला हात लावून बघतात तसा तिनं तो दाबला आणि वाट बघितली. आता दुखेल. आता काहीतरी उसवेल. गाडी चौपाटीच्या चौकातून वळली, नदीवरचा पूल आला आणि गेला, दुखलं काहीच नाही. आणि त्या न दुखण्यानंच तिला धसका बसला. गेले कितीतरी दिवस ती या पोटाला दुसऱ्याच्या घरचं काचेचं भांडं सांभाळावं तशी सांभाळत होती, आणि ते पोट, मेलं, तिला न सांगता पळायला तयार होऊन बसलं होतं.

खिडकीपाशी जागा मिळाली. मांडीवर पिशवी घेण्याआधी तिनं ती सवयीनं हातात तोलली. पाच किलोच्या आत. वैशाखापासून जगातल्या सगळ्या वस्तूंची तिच्यालेखी दोनच गोत्रं उरली होती, पाच किलोच्या आतली आणि पाच किलोच्या वरची. कॉलेजच्या ऑफिसातलं प्रवेशाचं रजिस्टर आत, दोन रजिस्टरं एकावर एक म्हणजे वर. कळशी अर्धी असली तर आत. झोपलेला भाचा वर, तो जागा होऊन हसला तरी वरच. ऑपरेशन झालं ते वैशाखातल्या पंचमीला, अक्षय तृतीयेनंतर दोन दिवसांनी. दोन्ही पोरं पोट कापून झालेली, त्यावर कितीतरी वर्षं हंडे, तांदळाची पोती, ऑफिसातली कपाटं ओढणं. बेंबीशेजारी लिंबाएवढं काहीतरी वर यायला लागलं होतं. उताणं झोपलं की आत जायचं, उभं राहिलं की बाहेर डोकवायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हर्निया आहे, पोटाचं अस्तर विरलंय, आतून जाळी लावावी लागेल. इंद्रजितनं ते आपल्या भाषेत समजावलं होतं, "अगं, ट्यूबला आतनं पॅच बसवत्यात, तसं. पॅच चांगला बसला की मूळ रबर फाटंल, पॅच न्हाई फाटायचा." तिला ते ऐकून बरं वाटलं होतं आणि वाईटही. ट्यूब म्हणवून घ्यायला कुणाला आवडतं?

पण जाळीवरून खरा गोंधळ घातला तो रत्नानं. रत्ना तिची चुलतजाऊ. दोघी एकाच वैशाखात हिर्डोशीला नांदायला आल्या, एकाच नागपंचमीला पहिल्यांदा देवळापुढच्या पटांगणात एकमेकींचे हात धरले, आणि त्या दिवसापासून मंगल-रत्नाची फुगडी हे त्या खोऱ्यातलं एक नाव झालं. मंगल भोरला राहायला आली, कॉलेजात कारकून झाली, चष्मा लागला, तरी पंचमीला फुगडी चुकली नव्हती. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी रत्ना दवाखान्यात आली, नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन. कॉटपाशी बसली, पोटाकडं बघितलं, आणि गंभीर तोंडानं म्हणाली, "जाळी बसवली म्हनं? मंगे, मासं धरायचं व्हतं तर धरणावर जायचं की गं. पोटात कशाला?" मंगलनं उशी पोटाशी आवळली. नर्सनं शिकवलं होतं, खोकताना, शिंकताना, हसताना उशी दाबून धरायची. पण हे हसू उशीत मावणारं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, पोटात सुऱ्या, आणि रत्नाचं थांबणं नाही, "आन् एखादा मरळ गावला तर आमाला बी धाड कालवणाला." शेवटी मंगल हात जोडून म्हणाली, "रत्ने, जा गं बाई हितनं!" आणि नर्सनं रत्नाला दंडाला धरून बाहेर नेलं. त्यानंतर मंगलनं रत्नाचे फोन टाळले. आधी टाके आहेत म्हणून, मग सवय म्हणून. हसू म्हणजे धोका, रत्ना म्हणजे हसू. हे गणित तिनं कधी मांडलं नाही, ते आपलं आपण जुळलं.

गाडी धरणाच्या कडेला लागली. पाणी वर चढलं होतं, पलीकडच्या डोंगराच्या कमरेला ढगाची पट्टी होती, ऑपरेशननंतर तिला बांधायला दिली होती अगदी तशी. सागाला तुरे आले होते. खाचरांतला भात लावून झालेला, हिरवा, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभा. काल रत्नाचा निरोप आला होता मोबाईलवर, आवाजातला: "येतीयास का न्हाई ते सांग. न आलीस तर म्या देवळाच्या खांबाला धरून फुगडी घालीन, आन् समद्यांना सांगीन की ह्यो खांब मंगीपरास बरा, रुसत तरी न्हाई." मंगलनं तो निरोप सात वेळा ऐकला होता, उशी न घेता. येते, एवढंच तिनं कळवलं. फुगडी घालते, असं नाही. सगळी गोम तिथंच होती. फुगडी चालून होत नाही, हळू होत नाही. पायाला पाय लावायचे, हातांची कात्री करायची आणि सगळं अंग मागं टाकून द्यायचं. दोघींपैकी एकीनं जरी स्वतःला राखून ठेवलं तरी फुगडी होत नाही, नुसतं गोल चालणं होतं. आणि राखून ठेवल्याशिवाय आपण आता काही करू शकतो का, हे तिला माहीत नव्हतं.

श्रावणी मॅडम म्हणत होत्या, करू शकता. भोरच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर त्यांची व्यायाम शिकवायची खोली होती. पंचविशीतली मुलगी, केस वर बांधलेले, भिंतीवर माणसाच्या स्नायूंचं लालभडक चित्र. पहिल्या दिवशी मंगलला वाटलं होतं आता उठाबशा काढायला लावतील. पण श्रावणीनं तिला नुसतं आडवं केलं, गुडघे दुमडले आणि म्हणाली, "ताई, श्वास घ्या. आता तोंडानं सोडा, हळू, लांबवर. आणि सोडताना बेंबी पाठीकडं न्या." हा कसला व्यायाम? हे तर जिवंत असणं झालं. पण चार श्वासांतच पोटात अशा जागी थरथर सुटली जिथं आपलं काही आहे हेच मंगल विसरून गेली होती. "एकच लक्षात ठेवा," श्रावणी सांगायची, "उठताना, उचलताना, वळताना, जोर लावायच्या वेळी श्वास कोंडायचा नाही. सोडायचा." मंगलनं आयुष्यभर उलटंच केलं होतं. हंडा उचलायचा तर ओठ मिटून, साहेब बोलले तर ओठ मिटून. घरी ती सतरंजीवर आडवी होऊन फू करायची तेव्हा सासू दारात उभी राहून बघायची. "काय गं, चूल फुकतीयास का?" "व्यायाम आहे, आत्या." "ह्याला व्यायाम म्हंत्यात? मग आमी जलमभर पैलवानच व्हतो की."

सासू म्हणजे ठकुबाई. सत्तरीची, काटकुळी, हिर्डोशीचं घर शेजारणीवर टाकून सुनेच्या ऑपरेशनला म्हणून आलेली, ती चार दिवसांपूर्वीपर्यंत भोरला दोन खोल्यांत ठाण मांडून बसली होती. तिनं आल्याबरोबर सगळं आपल्या हाती घेतलं. मंगल कुकरकडं वळली की आवाज, "राहू दे." बादलीकडं वाकली, "राहू दे गं." खुर्ची सरकवायला गेली, तर आतल्या खोलीतून, न बघता, "राहू दे म्हनलं न्हवं?" आणि महिने मोजायचं कामही तिनंच घेतलं. डॉक्टरांनी तीन महिने जपायला, पाच किलोच्या वर काही न उचलायला सांगितलं होतं. मधे अधिक जेठ आला. ठकुबाईनं बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवला आणि निकाल दिला, "अधिक म्हैना धरायचा न्हाई." इंद्रजित म्हणाला, "आये, डॉक्टर इंग्रजी म्हैनं मोजत्यात." "मोजू देत. धोंड्याच्या म्हैन्यात लगीन न्हाई, मुंज न्हाई, वास्तुक न्हाई. मग जखम तरी कशी भरंल? ती बी मानसाचीच हाय." इंद्रजित डबा उचलून डेपोत गेला. जुलैच्या एकवीस तारखेला श्रावणीनं तपासून सांगितलं, "झाले तीन महिने. आता हळूहळू सगळं सुरू करा. चाला, पळा, नाचा." तर मंगल चक्क म्हणाली, "पण आमचा अजून एक महिना आहे." श्रावणीनं डोळे मोठे केले, "म्हणजे?" मंगलनं सांगितल्यावर ती टेबलावर डोकं टेकून हसली. "ताई, पोटाला पंचांग कुठं कळतं?"

नव्हतं कळत. ते मंगललाही कळत होतं. रजिस्टरं सांभाळणारी बाई होती ती, तारीख म्हणजे तारीख. तरी तिनं तो महिना सासूच्या पदरात गुपचूप टाकला आणि आपणही त्याच पदराआड जाऊन बसली. भीती होतीच, पण नुसती भीती असती तर तिनं स्वतःला माफ केलं असतं. खाली, बेंबीच्याही खाली, दुसरंच काही होतं, आणि आज गाडीत, पाण्याकडं बघताना, ते मरळासारखं एकदम वर आलं. तिला 'राहू दे' आवडायला लागलं होतं. लग्न झाल्यापासून, छे, त्याच्याही आधी विंझरच्या माहेरी असल्यापासून, कुणी तिला हा शब्द म्हटला नव्हता. ने, आण, उचल, ठेव, बघ, कर. सगळ्या घरादाराचं व्याकरण या शब्दांवर उभं होतं. आणि एक दिवस पोटाला चार इंचांची रेघ पडली आणि जग म्हणालं, राहू दे. दुपारी उन्हाचा पट्टा सतरंजीवरून सरकत जायचा आणि ती त्याच्याकडं बघत पडून राहायची, पाच किलोच्या आतली बाई. बरं व्हायचं म्हणजे तो पट्टा परत द्यायचा. आज पंचमी. आत्याच्या हिशेबानंही तीन महिने आज भरत होते. आता मागं लपायला पंचांगातसुद्धा पान उरलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिला आठवली, जी तिनं पाहिली होती आणि पाहून बाजूला ठेवली होती. आषाढात एकदा ठकुबाई अंघोळ करून लुगडं नेसत होती, दार नीट लागलं नव्हतं. बेंबीच्या वर, सुरकुतलेल्या पोटावर, मुठीएवढा उंचवटा. त्यावरून जुन्या लुगड्याची पट्टी फिरवून म्हातारी दातात टोक धरून गाठ मारत होती, रोजच्या सरावानं, खिडकीबाहेर बघत. मंगलची चाहूल लागताच ती भिंतीकडं वळली. "वायूचं हाय. म्हातारपनाचं." इंद्रजित बाराव्या दिवसाचा होता तेव्हा ही बाई लावणीला चिखलात उभी होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कौतुकानं सांगितलं जायचं. ती पट्टी किती वर्षांची, हे कुणी विचारलं नव्हतं. मंगलनंही नाही.

हिर्डोशीच्या फाट्यावर उतरली तेव्हा ऊनपाऊस चालला होता. घरी पुरणाची दिंडं उकडल्याचा वास. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. विळीसुद्धा आडवी करून कोपऱ्यात झोपवलेली. ठकुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चालत आलीस का फाट्यापासनं?" "हो." "दम लागला?" "नाही." "हं," एवढंच म्हातारी म्हणाली आणि दुधाची धार दिंडांवर जरा जास्तच सोडली.

दुपारी देवळापुढं बाया जमल्या. मेंदीचे हात, काचेच्या बांगड्या, पटांगणाच्या कडेला तेरडा फुललेला. रत्ना आधीच कासोटा मारून उभी, पूर्वीपेक्षा दीडपट झालेली, आणि तिला बघताच ओरडली, "आली गं आली, धरनावरची कोळीन आली!" मंगलचा हात पोटाकडं गेला, उशीच्या सवयीनं, आणि हसू तोवर फुटून गेलं होतं. काही झालं नाही. रत्ना जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "दुकतंय का अजून? खरं सांग. न्हाईतर बसू आपन पायरीवर, गप्पा मारू. मला काय, खांब हाय." तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, फोन टाळल्याचं थोडं लागलेलं होतं, ते दिसलं. मंगल म्हणाली, "हात दे."

हातांची कात्री झाली. पायाला पाय लागले. बाया टाळ्या वाजवायला लागल्या, कुणीतरी सूर धरला. मंगलनं ओठ मिटले, श्वास कोंडला आणि फिरायला लागली, पाठ वाकवून, पोट आत चोरून. एक फेरा, दोन फेरे. रत्नाचा सगळा भार मागं गेलेला आणि मंगलचा अजून मधेच कुठंतरी लटकलेला. हात सैल, पाय अडखळणारे. "ही फुगडी न्हवं," रत्ना धापा टाकत म्हणाली, "ह्यो घान्याचा बैल. मंगे, टाक की गं मागं! धरलीया न्हवं म्या!" टाकायचं. तेच तर. सोडून द्यावे हात, म्हणावं झालं एवढं पुरे. कुणी नाव ठेवणार नव्हतं, सगळ्यांना ऑपरेशन ठाऊक होतं. राहू दे, म्हणतील. त्या शब्दाची ती वाट बघायलासुद्धा लागली. आणि तेवढ्यात टाळ्यांच्या कड्यातून ठकुबाईचा चिरका, पातळ आवाज उठला. लग्नाच्या आधीपासून तिच्याजवळ गाण्यांचा साठा होता, पण हे गाणं मंगलनं कधी ऐकलं नव्हतं. म्हातारी ते तिथंच, त्या टाळीवर, बांधत होती.

*बारा म्हैन्याचं वरीस, तेरावा पाव्हना आला*
*माज्या सुनंच्या इसाव्याला म्या त्यो दारात बसविला*

*दारात बसविला, त्येला मोजून न्हाई घेतला*
*जो इसावा न्हाई मला, त्यो सुनंच्या वटीत घातला*

मंगल फिरत होती. देऊळ फिरत होतं, तेरडा, लुगडी, डोंगराची पट्टी, आणि त्या सगळ्यातून दर फेऱ्याला एकदा ठकुबाईचं तोंड येत होतं, मिश्किल, सुरकुतलेलं, नाकाची चमकी चमकवत. म्हातारीला ठाऊक होतं! पोटाला पंचांग कळत नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चूक नव्हती ती. डॉक्टरांनी दिलेल्या तिन्हींवर आणखी एक महिना तिनं आपल्या अंगच्या शहाणपणानं काढून ठेवला होता, साखर डब्याच्या मागं ठेवावी तसा, आणि वेडेपणा स्वतःवर घेतला होता. ज्या पदराआड मंगल चोरून बसली होती तिथं चोरून बसायची गरजच नव्हती, तो तिच्यासाठीच पसरलेला होता. तिच्या मिटलेल्या ओठांतून श्वास फुटला, फू! आणि त्याबरोबर आणखी एक, फू! समोरून रत्नानं तसाच उलट मारला, पक् फू, पक् फू, फुगडीतला तो जुना पकवा, जो दोघी पहिल्या पंचमीपासून घालत होत्या आणि ज्याच्याकडं कधी कुणी श्वास म्हणून बघितलं नव्हतं. दर फूला बेंबी पाठीकडं. जोर लावताना सोडायचा. श्रावणी मॅडम, तुमच्या माडीवर जे शिकायला मी आठवड्याला दोनदा येत होते ते मला येत होतं की हो! तिनं डोकं मागं टाकलं. मग खांदे. मग जाळीसकट, रेघेसकट, पॅचसकट, सगळी मंगल. हात ताणले गेले, रत्नाची बोटं मनगटात रुतली, आणि दोघींच्या मधे, कुणाच्याच पोटात नसलेला, तो बिंदू सापडला ज्याच्याभोवती सगळं फिरतं. जमीन पायाखालून पातळ झाली. बांगड्या, फू, आभाळ, फू, रत्नाचे हलणारे गाल, फू. किती फेरे झाले कुणी मोजले नाहीत. धरायचेच नव्हते.

थांबल्या तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या आणि पृथ्वी अजून फिरत होती. "मासा सुटला का गं जाळ्यातनं?" रत्नानं विचारलं. "नाही," मंगल म्हणाली, "आता कुठं नीट बसला." ठकुबाई पुढं आली, गर्दीत, सगळ्यांसमोर, तिनं सुनेच्या पोटावर तळवा ठेवला, जरा दाबला, खरबूज बघतात तसा. "भरले तीन म्हैनं," ती म्हणाली.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. ठकुबाई कळशी भरून उचलायला वाकली तर मंगल मागून म्हणाली, "राहू द्या, आत्या." शब्द तोंडातून गेला आणि ठकुबाईनं कळशीचा काठ सोडला. मंगलनं कळशीतलं थोडं पाणी नळाजवळच्या तेरड्याच्या बुडाशी ओतलं, पाय रोवले, फू केलं आणि कळशी कमरेवर घेतली. अंगणात चार पावलं चालून झाल्यावर म्हणाली, "दिवाळी झाली की तुमच्या पोटाचं दाखवायला जायचं. मी सुट्टी काढलीय." काढली नव्हती, पण काढणार होती. "हॅट! ह्या वयात जाळी? मला कोन ईल बघाया, मासं मागायला?" "रत्ना येईल." मागून नुसत्या अनवाणी पावलांचा आवाज येत राहिला. मग म्हातारी जरा बारीक आवाजात म्हणाली, "आन् तीन म्हैनं बसून ऱ्हायाचं? मोजनार कोन?"

"मी मोजीन की."

"अधिक म्हैना तीन वर्सांनी येतो, बाई. मधी न्हाई यायचा आता."

"न येऊ दे," मंगल म्हणाली. "मी मार्गशीर्ष धरणार नाही. वाटलं तर पौषही नाही."

तिनं वळून बघितलं. ठकुबाई रिकाम्या हातांनी चालत होती आणि त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. आधी तिनं ते पाठीमागं बांधले, मग पदरात घातले, मग पुन्हा बाहेर काढले, आणि शेवटी, दारापर्यंत, एकटीच टाळी वाजवत आली.